दोन सह्यांचं खातं

ढवळवाडीच्या जिव्हाळा महिला बचत गटाच्या अध्यक्षा मनुबाई खराडे आणि सचिव जरिना मुल्ला वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या, तरी गटाचा कारभार झकास चालला होता. ही किमया चेकबुकाची.

गटाचं खातं कवठे महांकाळच्या बँकेत, दोघींच्या सहीचं. एकीच्या सहीवर पैसा हलत नसे. पण दोघींनी एकाच ठिकाणी बसून, एकमेकींचं तोंड बघत सही केली पाहिजे, असं काही बँकेनं म्हटलं नव्हतं. त्यामुळं मिरचीवाल्याला किंवा पाकिटं छापणाऱ्याला पैसे द्यायचे झाले, की मनुबाई आपल्या सोप्यात बसून कोऱ्या चेकवर सही ठोकत आणि चेक नवऱ्याच्या हवाली करत. हंबीरराव सैन्यातनं हवालदार होऊन आलेले. कुठलंही काम हुकूम मिळाल्यासारखं करायचे. चेकला घडी पडू नये म्हणून तो वर्तमानपत्रात गुंडाळून, शर्ट खोचून, ते वरच्या आळीला चांदसाहेबांच्या घरी जात.

चांदसाहेब हे जरिनाचे मालक. बांगड्या घेऊन आठवडी बाजार फिरायचे. ते चेक आत नेऊन शिलाई मशीनवर ठेवत. जरिना हातातलं ब्लाऊज संपवून चेक भरी, मनुबाईच्या सहीशेजारी आपली सही करी, मग चेक बाहेर येई. तेवढ्या वेळात ओट्यावर दोघा गड्यांचा चहा व्हायचा, कधी कांदाभजी निघायची. बायकांच्या अबोल्यात या दोघांचं चांगलंच फावलं होतं.

"आज चेक हाय का न्हाई?" चांदसाहेब सकाळी रस्त्यातच विचारायचे.

"न्हाई गड्या. आज कुणाचं काय द्यायचं न्हाई."

"मग चहा कुणाच्या नावानं प्यायचा?"

अबोल्याचं कारण चटणी. गटाची शेंगाचटणी तालुक्यात नावाजलेली होती. शेंगा मनुबाईच्या माळरानातल्या आणि हात जरिनाचा. जरिनाची आई मिरजेची. ती लसूण सालीसकट चुलीतल्या निखाऱ्यांच्या आरावर भाजायची, मग मिरचीबरोबर उखळात कुटायची, आणि शेंगदाणे अगदी शेवटी टाकायची, म्हणजे पीठ न होता कण राहतात. तीच चटणी गटानं उचलली. विक्री वाढल्यावर छापील पाकिटं करायचं ठरलं. छपाईवाल्यानं विचारलं, नाव काय टाकू? हंबीरराव काम घेऊन गेले होते. सैन्यातला माणूस, पथकाला नाव पथकप्रमुखाचंच असतं एवढं त्यांना पक्कं ठाऊक. पिवळीजर्द पाकिटं छापून आली. वर ठसठशीत अक्षरांत, 'मनुबाईंची खमंग शेंगाचटणी'.

जरिनानं पाकीट हातात घेतलं, उलटसुलट बघितलं आणि खाली ठेवलं. मनुबाई काहीतरी म्हणतील म्हणून ती थांबली. मनुबाई म्हणाल्या, "रंग झकास आलाय."

त्या दिवसापासून जरिना 'आक्का, तू' सोडून 'अध्यक्षबाई, तुमी' म्हणायला लागली. पुढच्या बैठकीत ठिणगी पडली. जरिना म्हणाली, "चटणी कुणाची आणि नाव कुणाचं!" मनुबाई म्हणाल्या, "आणि शेंगा गं कुणाच्या?" बाकीच्या बायका मान खाली घालून लसूण सोलत बसल्या. दोघी उठून दोन दिशांना गेल्या, त्या गेल्याच.

मग भांडण चेकवरनं चाललं. एकदा जरिनानं निरोप पाठवला, 'अध्यक्षबाईंची सही लय मोठी होतीया. खालच्या पांढऱ्या पट्टीत जाती. बँक चालवून घ्यायची न्हाई. दुसरा चेक द्यावा.' मनुबाईंना राग आला. पुढच्या चेकवर त्यांनी मुंगीएवढी सही केली, मुद्दाम. जरिनानं ती बघितली आणि आपली सही करून चेक पाठवून दिला. तो गेला सांगलीच्या मार्केट यार्डातल्या आप्पासो शेटजींकडं, मिरचीपोटी. आठवड्यानं परत आला. सही जुळत नाही.

चेकबुकातला शेवटचा उरलेला चेक घेऊन चांदसाहेबच सांगलीला गेले, कारण बांगड्यांचा माल भरायला ते जाणारच होते. आप्पासोंनी चेक हातातसुद्धा घेतला नाही.

"चांदभाई, ठेवा तो खिशात. माझ्याकडं आता चेक घेऊन बँकेत जाणारं माणूसच राहिलं नाही. आमचे दिवाणजी होते तोवर ते जायचे. पोरगा म्हणतो, पप्पा, यार्डात चेक घेणारे तुम्ही एकटेच उरलात, लोक हसत्यात. आणि तुमचा चेक तर परत आलेला."

"सहीचा जरा घोटाळा झाला, शेटजी."

"झाला असंल. माझं तुमच्या गटावर काहीच म्हणणं नाही. फक्त खात्यावर टाका. पडले की मिरची गाडीत चढवतो. साताऱ्याच्या प्रदर्शनाला जाणार म्हणालात ना? मग लवकर टाका. बेडगी मिरचीचा भाव आत्ताच चढायला लागलाय."

येताना चांदसाहेब बँकेत डोकावले. तिथल्या साहेबांनी सांगितलं, की चेकबुक मागवता येईल, पोस्टानं येईल, पण त्याची गरजच काय? तुमच्या गावात बँक मित्र आहे. दोघी पदाधिकाऱ्यांनी तिथं जायचं, अंगठे लावायचे, पैसे थेट व्यापाऱ्याच्या खात्यावर. "चेक वगैरे आता कोण करत बसतंय!" साहेब म्हणाले.

चांदसाहेबांनी हे हंबीररावांना सांगितलं. हंबीररावांनी हातातली चहाची कपबशी खाली ठेवली. मग हंबीरराव म्हणाले, "म्हंजे आपलं काम संपलं की."

गावातलं बँक मित्र केंद्र म्हणजे दूध डेअरीशेजारचा एक गाळा. तो प्रियदर्शनी चालवायची. बी.कॉम. झालेली, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन गावात आलेली सून. गाळ्यात एक टेबल, एक लॅपटॉप, भिंतीला लागून एक बाक, आणि टेबलावर काडेपेटीहून जरा मोठं काळं यंत्र. त्याच्या काचेवर बोट ठेवलं की आत लाल उजेड पडायचा.

पहिल्या दिवशी मनुबाई सकाळी लवकर आल्या आणि म्हणाल्या, "माझं काय ते घे करून, मी जाते. ती मागनं येईल."

"आजी, तसं नाही चालत. तुमचं बोट लागलं की लगेच त्यांचं लागायला हवं. वेळ गेला की यंत्र सगळं पुसून टाकतं. दोघी एका वेळी पाहिजेत."

"चेकला चालत हुतं."

"चेकला चालायचं. पण कसं करायचात हो तुम्ही? तुमचं तर बोलणं नाही ना?"

"मी सही करून कोरा चेक पाठवायची. ती भरायची."

प्रियदर्शनीनं लॅपटॉपवरचा हात काढला. "कोरा चेक? भांडण असताना?"

"भांडण बोलण्याचं हाय," मनुबाई म्हणाल्या. "पैशाचं कुठं हाय?"

तेवढ्यात जरिना आली. ती मनुबाई गेल्या असतील या हिशेबानंच आली होती. बाकावर मनुबाईंना बघून दारातच थबकली. प्रियदर्शनीनं तिला आत बोलावलं, बसवलं, सगळं पुन्हा समजावलं. दोघी बाकाच्या दोन टोकांना बसल्या. मधे अजून तिघी सहज मावल्या असत्या.

"हं आजी, अंगठा ठेवा इथं," प्रियदर्शनी म्हणाली.

मनुबाईंनी त्या यंत्राकडं बघितलं आणि हात पदराखाली घेतला.

"मी अंगठा लावणार न्हाई."

"अहो, पण..."

"अंगठा सोडून मला पंधरा वर्सं झाली. मला सही येती. कागूद दे, सही करते. न्हाईतर ऱ्हाऊ दे."

आणि त्या उठून चालत्या झाल्या. जरिना बाकावर तशीच बसून राहिली. प्रियदर्शनीला वाटलं, हिला आता राग येईल, किंवा हसू येईल. जरिना नुसती आपल्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

कारण ती सही तिनंच शिकवली होती. गट सुरू झाला तेव्हा बायकांनी मनुबाईंना अध्यक्ष केलं, वयानं मोठ्या आणि तोंडानं खमक्या म्हणून. बँकेत गेल्यावर कळलं, की अंगठा लावणाऱ्याला चेकबुक मिळत नाही. तिथला कारकून म्हणाला होता, "दुसरी कुणी तरी करा की अध्यक्ष, जरा शिकलेली." दुसऱ्या दिवशी दुपारी मनुबाई जरिनाच्या दारात उभ्या. "मला माझं नाव शिकीव." जरिना दहावीपर्यंत शिकलेली. तिच्या घरात पाटी नव्हती, पण काळं अस्तराचं कापड भरपूर होतं आणि कापडावर खुणा करायचा खडू होता. त्या कापडावर मनुबाई गिरवायला बसल्या. म झाला, नु झाला, बा झाला. ई काही केल्या होईना. तिचं शेपूट कधी वर जाई, कधी गळून पडे. "माझ्या म्हशीची शेपटीबी ह्याच्यापेक्षा ऐकती," असं म्हणत त्या पुन्हा पुन्हा पुसायच्या. दोन्ही घरची कामं आवरून रोज दुपारी हा उद्योग चालला. शेवटी ई आली. बँकेत त्याच कारकुनापुढं मनुबाईंनी सही केली, आणि त्यानं सहीकडं न बघता शिक्का मारला, याचं त्यांना कितीतरी दिवस वाईट वाटत होतं.

आता परत अंगठा.

इकडं गटातल्या बायका हवालदिल झाल्या. साताऱ्याच्या बचत गटांच्या प्रदर्शनात गाळा मिळाला होता. लसूण सोलून पडला होता, शेंगा भाजून डब्यात भरल्या होत्या, आणि मिरची सांगलीत. दगडाबाई म्हणून गटात एक फटकळ बाई होत्या. त्या मनुबाईंच्या दारात येऊन म्हणाल्या, "अध्यक्षबाई, मिरचीबिगर चटणी करून साताऱ्याला पांढरी भुकटी इकायची का आमी?"

 दगडाबाई गेल्यावर मनुबाई धड जेवल्याही नाहीत.

हंबीररावांनी मग तोंड उघडलं. बायकोच्या भांडणात पडायचं नाही असा त्यांचा नियम होता, पण हे भांडण यंत्राशी होतं.

"दर वर्साला मी पेन्शनीसाठी काय करतो, म्हाईत हाय नव्हं?"

"काय करता?"

"अंगठा लावतो. मी जिता हाय हे सरकारला माझ्या सहीनं पटत न्हाई. माझ्या तोंडाकडं बघून तर मुळीच न्हाई. अंगठा लावला की पटतंय. मी काय अडाणी झालो? आमच्या कर्नलसायबांनाबी लावाय लागतो."

"कर्नलसायबांनाबी?"

"त्यांनाबी. रांगेत उभं ऱ्हाऊन."

मनुबाईंनी आपल्या अंगठ्याकडं बघितलं. "अडाणी म्हणून लावायचा अंगठा निराळा, आणि हा निराळा, असं म्हणताय तुमी."

"मी काय म्हणत न्हाई. मिरची म्हणतीया."

दुसऱ्या दिवशी मनुबाई स्वच्छ इस्त्रीचं लुगडं नेसून केंद्रावर आल्या. जरिनाला निरोप गेला होताच. ती आधीच बाकाच्या टोकाला बसलेली. मनुबाईंनी आल्या आल्या, कुणाकडं न बघता, तो अंगठा काचेवर ठेवला.

यंत्र टिंग वाजलं. प्रियदर्शनी म्हणाली, "परत ठेवा, आजी. ओळखत नाही."

परत ठेवला. परत टिंग.

"जरा दाबून."

दाबून ठेवला. हळू ठेवला. पदरानं पुसून ठेवला. डाव्या हाताचा ठेवला. यंत्र काही त्यांना ओळखेना. प्रियदर्शनीनं बोट उजेडात धरून बघितलं. "रेषाच राहिल्या नाहीत, आजी. सगळ्या घासल्यात."

मनुबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. एवढा मनाचा हिय्या करून अंगठा लावायला यावं, आणि यंत्रानं म्हणावं हा अंगठाच नव्हे! "म्हंजे आता मी अंगठाछापबी न्हाई व्हय गं?" त्या म्हणाल्या.

आणि बाकाच्या त्या टोकाला जरिनाला हसू फुटलं. तिनं ओढणी तोंडावर धरली, पण खांदे हलत होते. मनुबाईंनी तिच्याकडं वर्षात पहिल्यांदा सरळ बघितलं.

"हसा. हसा. तुमची बोटं मऊ. सुई-दोऱ्याची."

"माझी बोटं मऊ?" जरिना उठून आली. तिनं आपला हात मनुबाईंच्या नाकासमोर धरला. "ही बघा सुई टोचून भोकं पडल्यात. मिरची कुटून आग होती ती निराळीच. आणि तुमच्या हाताला काय झालंय ते दिसतंय का तुमाला? कसल्या भेगा ह्या! लोणी लावता का न्हाई रात्री?"

"घरात लोणी खायाला पुरंना, हाताला कुठनं लावू?"

"म्हस हाय की दारात!"

"म्हस आटलीया."

"कवा आटली?"

"दिवाळीपासनं."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"तू... तुमी बोलत हुता का माझ्याशी?"

प्रियदर्शनी मधे म्हणाली, "बोटं ओली करून बघायची का?" कुणी तिच्याकडं लक्ष दिलं नाही. जरिनानं ओढणीचं टोक टेबलावरच्या बाटलीतल्या पाण्यात भिजवलं, मनुबाईंचा हात ओढून घेतला आणि भांडं घासावं तसा तो अंगठा घासायला लागली. घासता घासता बोलत होती, आणि आवाज वर चढत होता. डेअरीत दूध घालायला आलेले लोक दारात गोळा झाले.

"माझ्या आईची चटणी ती. मरताना तिनं मला दागिना दिला न्हाई, काय न्हाई. चटणी दिली."

"मी काय न्हाई म्हटलं का?"

"व्हय तर. पाकिटावर तुमचं नाव आलं तवा काय म्हणालासा? रंग झकास आलाय!"

"मी छापाय सांगितलं नव्हतं. ह्येंनी छापलं."

"पण पुसाय सांगितलं का?"

"न्हाई सांगितलं!" मनुबाई ओरडल्याच. "का सांगू? मला बरं वाटलं ते. माझं नाव कधी कुठं छापलं हुतं गं? लग्नपत्रिकेवर तेवढं छापलं, तेबी हळदीच्या डागाखाली गेलं. चांगल्या पिवळ्या पाकिटावर माझं नाव. तूच शिकीवलेलं नाव. वाचता आलं मला ते. तीन तीन वेळा वाचलं. मग पुसा म्हणून कशी सांगू?"

जरिनाचा हात थांबला. दारातल्या गर्दीत कुणी तरी खोकलं.

"असं हुतं तर सांगायचं हुतं," ती म्हणाली.

"तूबी सांगायचं हुतंस, चटणी आईची म्हणून. तू लागलीस अध्यक्षबाई म्हणाय. आक्का म्हणणारं माणूस अध्यक्षबाई म्हणाय लागलं, की काय बोलायचं त्याच्याशी?"

 जरिनाचा राग पुरता गेला नव्हता, पण आता तो एकटीनं सांभाळायचा राहिला नव्हता. तिनं मनुबाईंचा हात पुसला आणि प्रियदर्शनीला म्हणाली, "लाव गं आता."

टिंग.

"तर्जनी बघू," प्रियदर्शनी म्हणाली. टिंग. मधलं बोट. टिंग. प्रत्येक बोटागणिक दारातले लोक "आ!" करून श्वास रोखायचे आणि "हॅट्!" करून सोडायचे. जरिनाला प्रत्येक वेळी आपलं बोट तयार ठेवून वाकून उभं राहावं लागत होतं. शेवटी डाव्या हाताची करंगळी ठेवली. लाल उजेडाचा हिरवा झाला.

"लागलं! भाभी, लवकर!"

जरिनानं अंगठा ठेवला. हिरवा. प्रियदर्शनीनं चार कळा दाबल्या आणि म्हणाली, "गेले पैसे. सांगलीला पोचले."

"एवढ्यात?" मनुबाईंनी विचारलं.

"एवढ्यात."

लगेच आप्पासोंचा फोन आला, मिरची गाडीत चढवतोय म्हणून. दारातली माणसं सिनेमा सुटल्यासारखी पांगली. मनुबाई आपल्या करंगळीकडं बघत होत्या. "सगळ्यात बिनकामाचं बोट," त्या म्हणाल्या. "कवा कशाला हात लावला न्हाई त्यानं. म्हणून धड ऱ्हायलं."

बाहेर पडल्यावर दोघी काही पावलं वेगवेगळ्या चालल्या. मग जरिना मागं न बघता म्हणाली, "जीनत आलीया म्हायेरी. पोरगं घेऊन."

जीनत म्हणजे जरिनाची लेक. तिचं बाळंतपण अबोल्यातच झालं होतं. मनुबाईंनी ते हंबीररावांकडनं ऐकलं होतं, बारशाचा गूळही त्यांच्याच हातानं आला होता. दोघा गड्यांनी चेकबरोबर अशी बरीच ने-आण केली होती.

"कुणावर गेलंय?" मनुबाईंनी विचारलं.

"येऊन बघ की. का तेबी मीच सांगू?"

मनुबाई तशाच वरच्या आळीला गेल्या. पोर जीनतच्या मांडीवर होतं. गुबगुबीत, कपाळावर आठी घातलेलं. मनुबाईंनी त्याला घेतलं तसं त्यानं त्यांची करंगळीच पकडली आणि तोंडात घालायला बघितली. "सोड बाबा," त्या म्हणाल्या. "त्येच्यावर गट चाललाय आता."

मिरची आली. उखळं दणाणली. चटणी झाली. पाकिटं मात्र जुनीच होती, पिवळी, पोतंभर शिल्लक राहिलेली. नवीन छापायला वेळ नव्हता, आणि फेकून द्यायला कुणाचा जीव होत नव्हता. त्याच पाकिटांत भरून दोघी साताऱ्याला गेल्या. प्रियदर्शनीनं गटाच्या खात्याचा चौकोनी ठिपक्याठिपक्यांचा कागद करून दिला होता. तो गाळ्याच्या पुढं चिकटवला.

गिऱ्हाईक यायचं, पाकीट उचलायचं आणि विचारायचं, "ह्यातल्या मनुबाई कोण?"

"ह्या," जरिना सांगायची. "पण चटणी माझी हाय."

"आणि शेंगा माझ्या," मनुबाई लगेच.

"शेंगा कुणाच्याबी असत्यात. लसूण भाजायला यावा लागतो."

"वास घिऊन बघा सायेब. ह्यो वास लसणाचा हाय का शेंगांचा, तुमीच सांगा."

पहिल्या दिवशी हे खरं भांडण होतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं, की भांडण ऐकायला माणसं थांबतात, आणि थांबलेली माणसं पाकीट घेतल्याशिवाय जात नाहीत. मग त्यांनी ते जरा लांबवलं. शेजारच्या लोणच्यावाल्या बायका म्हणायला लागल्या, "आमच्याबी गाळ्यावर येऊन भांडा की थोडं."

शेवटच्या दिवशी पाचगणीच्या एका हॉटेलचा माणूस आला. चव घेतली, डोळ्यांत पाणी आलं, पुन्हा घेतली. हॉटेलसाठी दर महिन्याला माल हवा म्हणाला. "पण आमचं पेमेंट चेकनं होतं. मालक जुन्या वळणाचे आहेत."

मनुबाईंचे डोळे चमकले. त्या जरिनाच्या कानाशी लागल्या. "चेक घ्यायचा म्हंजे सही करायची न्हवं?"

"न्हाई आक्का. द्यायच्या चेकावर सही. घ्यायचा नुसता भरायचा."

"हात्तिच्या," मनुबाई म्हणाल्या. "मग काय मजा!" आणि त्या माणसाकडं वळल्या. "चालंल. पर तुमच्या मालकांना म्हणावं, सही नीट करा. आमचा एक परत आला हुता."

येताना कराडपासून गाडीत बसायला जागा मिळाली. खिडकीची जागा जरिनाला मिळाली, कारण तिला गाडी लागायची. आता नवीन पाकिटं छापायची तर नाव काय द्यायचं, यावर बोलणं निघालं.

"दोघींची टाकू," मनुबाई म्हणाल्या.

"आधी कुणाचं?"

"अध्यक्षाचं आधी असतंय."

"चटणीत कुठला आला अध्यक्ष?"

"मग गटाचं टाकू. जिव्हाळा चटणी."

"जिव्हाळा काय चटणीचं नाव हाय? जिव्हाळा म्हणून खाल्ली आणि टाळू जळाली तर लोक शिव्या घालतील."

"मग तुज्या आईचं टाक. नाव काय तिचं?"

जरिनानं खिडकीबाहेर बघितलं. उसाच्या रानातनं पाणी सोडलं होतं. "बानू," ती म्हणाली. "पण तिला आवडलं नसतं. तिला कुणी हाक मारलेली आवडायची न्हाई, काम ऱ्हायतं म्हणून."

मनुबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि लगेच म्हणाल्या, "मग आपलं जुनंच काय वाईट हाय?"

"आक्का!"

पुढच्या सीटवरचा माणूस मागं वळला. "मावशी, जरा हळू. लेकरू झोपलंय."

दोघींनी आवाज खाली आणला. तासगाव आलं तरी नाव ठरलं नव्हतं.